तीन भोकं आणि चाळीस फूट तेल

बोलिंगचा नवा चेंडू खोक्यातून बाहेर काढला की गुळगुळीत, अखंड असतो. त्याला एकही भोक नसतं. मॉलमध्ये वाढदिवसाच्या निमित्ताने बोलिंग खेळून आलेल्यांना हे सांगितलं तर नवल वाटतं, कारण तिथल्या रॅकवरचा प्रत्येक चेंडू तीन भोकं घेऊनच जन्माला आल्यासारखा दिसतो. ते चेंडू सर्वांचे, म्हणजे कोणाचेच नसतात. जो माणूस हा खेळ आठवड्यातून एक-दोनदा मनापासून खेळतो, तो स्वतःचा चेंडू घेतो आणि दुकानातला ड्रिलर त्याच्या हाताचं माप घेऊन त्यात भोकं पाडतो. दोन बोटांसाठी दोन, अंगठ्यासाठी एक. भोकं किती मोठी आणि एकमेकांपासून किती लांब, हे हात ठरवतो. पण ही तीन भोकं मिळून चेंडूच्या गोलावर नेमकी कुठे बसवायची, हा प्रश्न वेगळा. गोल तर सगळीकडून सारखाच, मग काय फरक पडतो? फरक पडतो, कारण चेंडू आतून सारखा नसतो आणि तो ज्या पट्टीवरून जातो तीही सारखी नसते. भोकांच्या या मांडणीला लेआउट म्हणतात. तिच्याविषयी जितकं शास्त्र आहे तितक्याच अंधश्रद्धाही आहेत, आणि दोन्ही एकाच दुकानात, एकाच माणसाच्या तोंडून, एका दमात ऐकायला मिळतात.

मी मूळचा सांगलीचा, शिक्षणाने यंत्र अभियंता, आणि गेली तीस वर्षं अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात राहतो. जर्मन स्थलांतरितांनी या भागात बिअर आणली तसा पिना पाडायचा खेळही आणला. १८९५ साली न्यू यॉर्कमध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोलिंग काँग्रेसचं मुख्यालय अनेक दशकं मिलवॉकीत आणि नंतर शेजारच्या ग्रीनडेल या गावी होतं. तिची उत्तराधिकारी संस्था, युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस, २००८ साली टेक्सासातल्या आर्लिंग्टनला गेली. शहराच्या दक्षिण भागात हॉलर हाउस नावाच्या बारच्या तळघरात १९०८ सालच्या दोन लाकडी लेन आहेत. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा पडलेल्या पिना मुलं हाताने उभ्या करत होती. अशा गावात राहून गुरुवारच्या लीगमध्ये न खेळणं म्हणजे कोल्हापुरात राहून तालमीकडे पाठ फिरवण्यासारखं. आपल्याकडे बोलिंग म्हटलं की डोळ्यांपुढे क्रिकेटच येतं, म्हणून पहिल्या काही वर्षांत सांगलीला फोन केला की ‘बोलिंगला चाललोय’ या वाक्याचा खुलासा करावा लागे.

आधी लेन समजून घेऊ. फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट लांबी, साडेतीन फुटांच्या आत रुंदी, आणि त्या रुंदीत ३९ फळ्या. आता बहुतेक ठिकाणी खरं लाकूड नसतं, कृत्रिम पत्रे असतात, पण त्यांच्यावर फळ्यांच्या रेघा छापलेल्या असतात, कारण खेळाडूची सगळी भाषा फळ्यांची आहे. उजव्या हाताने खेळणारा उजवीकडून फळ्या मोजतो. त्याला दहाही पिना एका फेकीत पाडायच्या तर चेंडू पहिल्या आणि तिसऱ्या पिनेमधल्या फटीत, म्हणजे पॉकेटमध्ये, साधारण साडेसतराव्या फळीवर जावा लागतो. आणि नुसता तिथे जाऊन भागत नाही. तो तिरका शिरावा लागतो. चाचण्यांवरून असं दिसतं, की लेनच्या दिशेशी सहा अंशांच्या आसपास कोन झाला तर सगळ्या पिना पडण्याची शक्यता सर्वांत चांगली.

हे सहा अंश सरळ फेकून मिळतच नाहीत. साधा हिशेब करा. चेंडू अगदी उजव्या कडेला ठेवून सरळ रेषेत पॉकेटकडे सोडला, तर ६० फुटांत तो आडवा सरकतो जेमतेम १४-१५ इंच. म्हणजे कोन दीड अंशाच्या आतच राहतो. चेंडू शेवटी वळलाच पाहिजे. वळण्यासाठी तो फिरता हवा, फिरण्याचा लेनवर परिणाम व्हायला घर्षण हवं, आणि नेमकं तेच घर्षण लेनच्या पहिल्या भागात तेल ओतून काढून घेतलेलं असतं.

तेलाची सुरुवात लाकूड झिजू नये म्हणून झाली. आज ते खेळाचं मैदानच झालं आहे. एक यंत्र लेनवरून फिरतं, जुनं तेल पुसतं आणि आखून दिलेल्या नकाशाप्रमाणे नवं घालतं. एका लेनवर साधारण २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याने चार ते सहा चमचे. एवढ्याशा तेलाने माणसं हिरमुसतात, लीग सोडतात, दोनशे डॉलरचे चेंडू घेतात आणि विकतात. तेल साधारण ४० फुटांपर्यंत असतं, पुढचे २० फूट कोरडे. चेंडू आधी तेलावर घसरतो, मग कोरड्यावर पकड घेऊन वळतो आणि शेवटी नुसता घरंगळत पिनांत शिरतो. घसरणं, वळणं, घरंगळणं: या तीन टप्प्यांची लांबी कशी वाटून द्यायची, इतकाच सगळा प्रश्न आहे.

रोजच्या लीगमध्ये तेल मध्यावर दाट आणि कडांना विरळ घालतात. यात मोठी दया आहे. चेंडू उजवीकडे जास्त गेला तर कोरड्या फळ्या त्याला वळवून परत आणतात. डावीकडे चुकला तर दाट तेलावर तो वळतच नाही, सरळ जातो. दोन्ही चुका घरंगळत पॉकेटकडेच येतात, पन्हळीतून पाणी यावं तशा. व्यावसायिकांच्या स्पर्धेत ही पन्हळ काढून टाकतात. तेल आडवं जवळजवळ सारखं असतं आणि चूक ती चूकच राहते. त्यांच्या नकाशांना चीता, शार्क अशी प्राण्यांची नावं आहेत. चीता आखूड, शार्क लांब. नकाशाच्या लांबीसाठी खेळाडूंचा एक तोंडी हिशेब आहे: तेलाच्या फुटांतून ३१ वजा करा, जो आकडा उरेल त्या फळीच्या आसपास चेंडू तेलातून बाहेर पडायला हवा. तेल ४१ फूट असेल तर दहावी फळी. ३५ फूट असेल तर चौथी, अगदी गटाराच्या काठाला. ४५ फूट असेल तर चौदावी, जवळजवळ मधोमध. या हिशेबामागे काटेकोर सिद्धता नाही. पण भूमिती बरोबर आहे: तेल जितकं लवकर संपेल तितकी वळायला जागा जास्त, म्हणून वळण बाहेरून सुरू करावं लागतं.

क्रिकेटची खेळपट्टी निदान दिसते. भेगा, गवत, ओलावा पाहून कर्णधार नाणेफेकीनंतर काय करायचं ते ठरवू शकतो. इथे तेल दिसत नाही. शिवाय ते जागचं राहत नाही. प्रत्येक चेंडू आपल्या वाटेवरचं थोडं तेल उचलतो, आजकालचे चेंडू तर ते पितात, आणि तिसऱ्या गेमपर्यंत पहिल्या गेमची लेन उरलेली नसते. कॅरमच्या बोर्डावर पावडर कुठे संपली ते स्ट्रायकर अडखळला की कळतं. तसं इथे चेंडू वळल्यावर कळतं, म्हणजे उशिरा.

आता चेंडूकडे येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चेंडू लिग्नम व्हिटी या जड लाकडाचे असत. १९०५च्या सुमारास रबर आलं, मग प्लास्टिक, १९८०च्या दशकात युरेथेन, आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन, ज्याला सूक्ष्म छिद्रं असतात आणि जे तेल शोषून कोरड्या लेनवर करकचून पकड घेतं. चेंडूचं वजन जास्तीत जास्त १६ पौंड, परीघ साधारण २७ इंच. या रेझिनच्या कवचाच्या आत दाट पदार्थाचा गाभा असतो. गाभा गोल नसतो: कधी विजेच्या दिव्यासारखा, कधी दोन्हीकडून कापलेल्या लिंबासारखा, तर कधी एका अंगाला फुगलेला.

गाभ्याचा माथा ज्या बाजूला आहे तिथे चेंडूच्या पृष्ठभागावर एक रंगीत ठिपका असतो. ड्रिलर त्याला पिन म्हणतात. पण या लेखात पिना आधीच दहा आहेत, म्हणून मी त्याला टिकली म्हणेन. काही चेंडूंवर दुसरी एक खूण असते, गाभ्याच्या फुगलेल्या बाजूची. टिकलीच्या आसाभोवती चेंडू फिरवायला सोपा आणि तिच्याशी काटकोनातल्या आसाभोवती थोडा अवघड. हा फरक इंचांत मोजतात आणि नियमानुसार तो ०.०६० इंचापेक्षा जास्त असून चालत नाही. एखाद्या जोरदार चेंडूत तो ०.०५० असेल, तर अडीच इंचांच्या मूळ आकड्यावर तो २ टक्के झाला, आणि जडत्वात वर्गाचा हिशेब असल्यामुळे ४ टक्के. एवढ्याशा विषमतेवर एक अख्खा उद्योग उभा आहे.

ही विषमता काम कशी करते ते पाहायचं तर भोवरा आठवा. फिरणाऱ्या भोवऱ्याचा आस स्वतःही हळूहळू डुलत गोल फिरतो. चेंडूचंही तसंच होतं. हातातून सुटताना तो ज्या आसाभोवती फिरत असतो, त्याचं एक टोक चेंडूच्या पृष्ठभागावर दाखवता येतं. हा माझ्या हाताचा आसबिंदू. माझ्या शेजाऱ्याचा वेगळा. ड्रिलर तो तेलाच्या वळांवरून आणि पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून शोधतो. पट्टी बरोबर बसली तर चेंडू सुटल्यावर ती डगमगत नाही, एका जागी स्थिर फिरताना दिसते.

आता चेंडू म्हणजे पृथ्वीचा गोल आणि आसबिंदू म्हणजे ध्रुव असं धरा. टिकली बरोबर ध्रुवावर आली तर गाभा आसावर उभा असतो. तो तिथे सुखी असतो, आस हलत नाही. टिकली विषुववृत्तावर आली तर गाभा आडवा पडून फिरतो, तेही स्थिर. पण टिकली मधे कुठेतरी असेल तर गाभा तिरका पडतो आणि प्रत्येक फेरीला आस थोडा सरकत जातो. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचं अंतर म्हणजे परिघाचा चौथा हिस्सा, २७ भागिले ४, पावणेसात इंच. त्याचा बरोबर मध्य ३.३७५ इंच. आस सर्वांत जास्त तिथे सरकतो.

आस सरकल्याचा फायदा असा, की प्रत्येक फेरीत चेंडूचा लेनला टेकणारा पट्टा बदलतो. तसं झालं नसतं तर चेंडू पहिल्या फेरीत तेलाने माखलेल्या त्याच पट्ट्यावर शेवटपर्यंत घसरत राहिला असता. आस सरकल्यामुळे दर वेळी कोरडं कवच खाली येतं. परत आलेल्या चेंडूवर तेलाची वलयं दिसतात: दोन ठिकाणी एकमेकांना छेदणारी, बाकी ठिकाणी पंख्यासारखी उलगडलेली. छेदाच्या जागी नीट पाहिलं तर डमरूचा आकार दिसतो. लेनवर चेंडूला अडीच सेकंदांच्या आसपास वेळ मिळतो, त्यात तो बारा-पंधरा फेऱ्या घेतो, आणि तेवढ्यात ही वलयं चार-पाच इंच पसरू शकतात. ती पाहायला सुरुवात झाली तेव्हा या खेळाने मला खरं धरलं. स्वतःच्या हाताची सही स्वतःलाच वाचता यावी, असं काहीसं.

म्हणजे मांडणीतला पहिला आकडा मिळाला: टिकलीपासून आसबिंदूपर्यंतचं अंतर. बाकीचे दोन आकडे कोनांचे आहेत, आणि ते रूढ करण्याचं श्रेय मो पिनेल या गाभा-रचनाकाराला जातं. २०२१ साली त्यांचं निधन झालं. त्यांच्या आधी ड्रिलर ‘टिकली बोटांच्या वर’, ‘टिकली बोटांच्या खाली’ अशा ढोबळ भाषेत बोलत. पण माझ्या आणि शेजाऱ्याच्या आसबिंदूत अर्धा इंच फरक असेल, तर तीच ‘बोटांच्या वरची’ टिकली आम्हा दोघांच्या चेंडूंना वेगळं वागायला लावते. पिनेल यांनी मोजणी भोकांपासून सोडवून आसबिंदूशी बांधली. माझ्या मते त्यांचं मोठेपण या एका पालटात आहे. पुढची तक्तेबाजी दुय्यम.

पहिला कोन टिकलीपाशी मोजतात: टिकलीकडून आसबिंदूकडे जाणारी रेषा आणि टिकलीकडून त्या फुगलेल्या बाजूच्या खुणेकडे जाणारी रेषा, यांच्यातला. तो लहान असला तर चेंडू लवकर वळायला लागतो. ९० अंशांकडे गेला तर उशिरा. दुसरा कोन आसबिंदूपाशी: तिथून वर जाणारी उभी रेषा आणि टिकलीकडची रेषा यांच्यातला. तो लहान असला तर टिकली उंच बसते आणि वळायला लागलेला चेंडू झटकन काम संपवून घरंगळायला लागतो. मोठा असला तर टिकली खाली येते आणि वळण संथ, गोलाईचं होतं. हा दुसरा कोन २० ते ७० अंशांत ठेवतात. फार लहान केला तर तेलाची वलयं बोटांच्या भोकांवरून जातात, आणि लेनवरून चेंडू जाताना बैलगाडीसारखा ठक-ठक आवाज येतो. ज्यांचा गाभा सारख्या बाजूंचा आहे अशा चेंडूंत पहिल्या कोनाचा प्रभाव कमी असतो, पण अजिबात नसतो असंही नाही, कारण अंगठ्याचं खोल भोक पाडलं की सारखेपणाही थोडा बिघडतो.

मांडणी अशी लिहितात: ६० गुणिले साडेचार गुणिले ४०. पहिला कोन, अंतर, दुसरा कोन. रोजच्या लीगच्या लेनवर सामान्य वेगाने खेळणाऱ्यासाठी ही मधली, निरुपद्रवी मांडणी.

लेन बदलली की काय करायचं, याचं पाठ्यपुस्तकी उत्तर असं. तेल लांब आणि दाट असेल, शार्कसारखं, तर वळायला जागा थोडी उरते. चेंडूने लवकर कामाला लागलं पाहिजे. अंतर साडेतीन-चारच्या आसपास, पहिला कोन लहान, आणि कवच खरखरीत. तेल आखूड असेल तर उलटं संकट: शेवटचे २५ फूट कोरडे, चेंडू भलत्या जोराने आत वळून जातो. इथे वलयं कमी पसरलेली बरी. टिकली आसबिंदूजवळ, एक-दोन इंचांवर आणा, किंवा पाच-साडेपाच इंचांपलीकडे न्या. दुसरा कोन मोठा ठेवा. बरेच लोक अशा लेनवर रिअ‍ॅक्टिव्ह सोडून जुन्या युरेथेनकडे वळतात आणि ते शहाणपणाचं आहे. तिसऱ्या गेमला तेल उडून गेलेल्या लेनवर चकचकीत कवच, पाच इंच आणि मोठा पहिला कोन, म्हणजे कोरड्या सुरुवातीवर चेंडू शक्ती उधळणार नाही. आणि कोपऱ्यात उरलेली एकुलती एक पिन पाडायला साधा प्लास्टिकचा चेंडू, जो वळतच नाही. त्याची मांडणी कुठेही करा. त्यासाठी दुकानात तासभर चर्चा करणारी माणसं मी पाहिली आहेत.

हे सगळं बरोबर आहे आणि तरीही यातून जे चित्र उभं राहतं ते फसवं आहे. वाचणाऱ्याला वाटतं, लेन कशी त्याप्रमाणे भोकं. दुकानंही हेच सांगतात, कारण त्याचा अर्थ दर लेनसाठी एक चेंडू असा होतो.

२००० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या अभियंत्यांनी चेंडूच्या गतीचा मोठा अभ्यास केला. माणसाचा हात दर वेळी वेगळा पडतो म्हणून फेकायचं काम यंत्राला दिलं. चेंडूचे वेगवेगळे गुणधर्म घेऊन, कोणता गुण वळण्यावर किती परिणाम करतो ते मोजलं. सर्वांत वर आला कवचाचा खरखरीतपणा. गाभ्याचे आकडे त्याच्या बऱ्याच खाली. आणि ज्या ‘बाजूच्या वजना’वरून दुकानांत पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले, म्हणजे चेंडू तराजूवर कोणत्या बाजूला किती औंस झुकतो, ते जवळजवळ तळाशी.

खेळाडूंना हे प्रयोगशाळेच्या आधी कळलं होतं. १९७३ साली डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूने प्लास्टिकचा चेंडू एका द्रावकात भिजवून कवच मऊ केलं आणि त्या वर्षी तो वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याने भोकांना हात लावला नव्हता. बदललं ते लेनला टेकणारं कातडं. पुढे कवच किती मऊ चालेल याचे नियम करावे लागले.

तेव्हा माझं मत असं: लेनला उत्तर द्यायचं ते कवचाने. मांडणी लेनसाठी नव्हे, हातासाठी करायची. कवच बदलायला सँडपेपरची गोल चकती आणि दहा मिनिटं पुरतात. ५०० नंबरची चकती फिरवली तर चेंडू दाट तेलातही पकड घेतो, ४००० नंबरने किंवा पॉलिशने तो लांब घसरतो, आणि उद्या उलटं करता येतं. मांडणी मात्र एकदा झाली की झाली. भोकं राळेने बुजवून नवी पाडता येतात, पण पैसे आणि वेळ दोन्ही जातात, म्हणून बहुतेक लोक तसं करत नाहीत. जी गोष्ट रोज बदलते तिच्यासाठी बदलता येणारं साधन वापरावं. जी सहज बदलता येत नाही ती मांडणी, निदान एका हंगामापुरता जो स्थिर राहतो, त्या हाताला द्यावी. वेग जास्त आणि फिरकी कमी असणाऱ्याला दोन्ही कोनांची बेरीज लहान लागते, नाहीतर चेंडू वळायच्या आत पिनांपाशी पोचतो. फिरकी जास्त आणि वेग कमी असणाऱ्याला बेरीज मोठी. ही निवड तो चीत्यावर खेळो वा शार्कवर, फारशी बदलत नाही.

यावर माझा ड्रिलर हसतो. तो म्हणतो, मोजून वळण किती इंच हे कवच ठरवेल, पण वळणाचा आकार मांडणी ठरवते. कोनाड्यासारखा खटकन की कमानीसारखा. यात तथ्य आहे. फळ्यांत मोजला तर हा फरक लहान असतो, पण सहा अंशांऐवजी चार अंशांनी शिरलेला चेंडू एखादी पिन उभी ठेवतो, आणि लीगमध्ये तेवढंच हरण्याला पुरेसं असतं. मला एवढंच म्हणायचं आहे, की आकार आधी तुमच्या हातात असतो आणि मगच भोकांत.

२०२० साली हा प्रश्न जास्त अटीतटीचा झाला. तोवर चौथं भोक पाडता येत असे, न पकडायचं, फक्त समतोलासाठी. मूळ कारण औंसांचे नियम पाळण्याचं. पण हुशार ड्रिलर त्याचा उपयोग दुरुस्तीसारखा करत. चेंडू आठवडाभर खेळून पाहायचा, वळण कमी वाटलं तर योग्य जागी चौथं भोक पाडून गाभ्याची विषमता वाढवायची, जास्त वाटलं तर दुसरीकडे पाडून कमी करायची. १ ऑगस्ट २०२०पासून ते बंद झालं. ज्यात बोट किंवा अंगठा घालत नाही असं भोक आता नियमात बसत नाही. बदल्यात तराजूवरची सूट सगळीकडून तीन औंस केली. नियम मला योग्य वाटतो, पण त्याने दुरुस्तीची वाट बंद केली हे खरं. आता पहिली तीन भोकं हाच निकाल.

आमच्या लीगमध्ये पुण्याहून आलेला एक तरुण आहे. तो दोन हातांनी खेळतो, ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमाँटेसारखा, अंगठा न घालता. या शैलीला पूर्वी नाकं मुरडली जात. बेलमाँटेने मोठ्या स्पर्धा जिंकण्याचा विक्रम केल्यावर मुरडलेली नाकं सरळ झाली. हा मुलगा एकदा म्हणाला, “काका, माझ्या चेंडूला अंगठाच नाही, मग तुमची ती उभी रेषा मोजायची कुठून?” मी म्हटलं, “अरे, रेषा आसबिंदूतून जाते, अंगठ्यातून नाही. तुझा आसबिंदू बोटांपासून मोज.” त्याच्या गाभ्याला अंगठ्याचं भोक लागत नाही, म्हणून कारखान्यात होता तसा तो जवळजवळ राहतो. त्याची फिरकी माझ्या दुप्पट आहे. माझी मांडणी त्याच्या चेंडूवर केली तर तो ३० फुटांवरच वळून डावीकडच्या गटारात जाईल. एकाच लेनवर, एकाच तेलावर, आम्ही दोघं आठवड्यातून एक संध्याकाळ शेजारी शेजारी खेळतो. मांडणी लेनसाठी असती तर आमच्या दोघांची एकच असायला हवी होती.

हात स्थिर राहतो असं मी वर लिहिलं, ते फक्त एका हंगामापुरतं. मी चौसष्ट वर्षांचा आहे. दहा वर्षांपूर्वी माझा चेंडू ताशी १७ मैलांनी जाई, आता १५. मिनिटाला तीनशेच्या आसपास फेऱ्या होत, आता सव्वादोनशे. चेंडूचं वजन मी पंधरावरून चौदा पौंडांवर आणलं आहे. मनगट पूर्वीसारखं चेंडूखाली राहत नाही, त्यामुळे आसबिंदूही सरकला: भोकांच्या मध्यापासून सव्वापाच इंचांवर होता, तो आता पावणेपाचवर आला आहे. जुने चेंडू कपाटात आहेत, चांगल्या स्थितीत, पण त्यांची मांडणी ज्या हातासाठी होती तो हात आता माझा नाही. त्यांच्या टिकलीचं अंतर आपोआप बदललं; चार इंचांसाठी पाडलेल्या चेंडूचं अंतर आज मोजलं तर साडेतीनच्या आसपास भरतं. एका जागी बसून त्यांनी आपली मांडणी बदलली म्हणायची.

या सप्टेंबरात हंगामासाठी एकच नवा चेंडू घ्यायचा होता. ड्रिलरने आधी चिकटपट्टी लावून मला आठ-दहा फेकी करायला लावल्या, मग पेन्सिलीने रेषा आखल्या. त्याला माझ्या लीगच्या तेलाचा नकाशा दाखवायचा होता. मी माझा वेग आणि फिरकी सांगितली. वेग उतरला तशी फिरकीही उतरली, पण फिरकी जास्त उतरली. म्हणून बेरीज लहान ठेवायची यावर आमचं एकमत झालं: ५० गुणिले चार गुणिले ३०. कवच २००० नंबरने घासून घेतलं, आणि दाट तेलाची वेळ आली तर घरी १०००ने घासायचं ठरलं. बोटांची भोकं आधी पाडली. अंगठ्याचं भोक शेवटी, आणि मागच्या चेंडूपेक्षा एक चौसष्टांश इंच मोठं, कारण सांधा थोडा सुजलेला आहे आणि जानेवारीच्या थंडीत तो आणखी फुगतो.